यमकाबाहेर राहिलेले चार शब्द

वृत्त, यमक, पुनरावृत्ती यांची चर्चा काढली की आपल्या कार्यकर्त्या मित्रांच्या कपाळावर आठी चढते. हा पोट भरलेल्यांचा खेळ आहे, आपण आशय पाहावा, असे ते म्हणतात. त्यांचे म्हणणे मी समजू शकतो. दलित कवितेने मुक्तछंद स्वीकारला तो हौसेने स्वीकारलेला नाही. जी वेदना तिला मांडायची होती ती दुसऱ्यांच्या ओठांवर घोळून गुळगुळीत झालेल्या चालींत मावणारी नव्हती. पण म्हणून वृत्त हा निव्वळ दागिना ठरतो, हे मला मान्य नाही. कवी आशयात जे बोलतो ते त्याने बरेचसे ठरवून बोललेले असते. वृत्तात आणि यमकात मात्र तो पुष्कळदा ठरवल्यापेक्षा जास्त बोलून जातो. ज्याला मोजता येते त्यालाच हे जास्तीचे ऐकू येते. ज्या घरांत धान्याचे माप पिढ्यानपिढ्या दुसऱ्याच्या हातात राहिले, त्या घरांतून आलेल्या आपल्या विद्यार्थ्यांनी निदान कवितेचे माप स्वतःच्या हातात घ्यावे, एवढाच माझा आग्रह आहे.

उदाहरणादाखल मी विल्यम वर्ड्‌स्वर्थची ‘द सॉलिटरी रीपर’ ही कविता घेतो. ती १८०५ साली लिहिली गेली आणि १८०७ साली ‘पोएम्स, इन टू व्हॉल्यूम्स’ या संग्रहात छापली गेली. इंग्रजीतील रोमँटिक संप्रदायाची ही एक मान्यवर कविता. प्रत्येकी आठ ओळींची चार कडवी, एकूण बत्तीस ओळी. स्कॉटलंडच्या डोंगराळ हायलँड्स भागात एक पोर शेतात एकटीच कापणी करते आहे आणि गाते आहे. वाटेने जाणारा कवी थबकतो. दुसऱ्या कडव्यात तो तिच्या आवाजाची तुलना अरबस्तानच्या वाळवंटात थकल्या प्रवाशांना रिझवणाऱ्या नाइटिंगेलशी आणि दूरच्या हेब्रिडीज बेटांवरच्या कोकिळेशी करतो. तिसऱ्या कडव्यात तो विचारतो, ही काय गाते आहे हे मला कुणी सांगेल का? चौथ्यात तो डोंगर चढून निघून जातो. गाणे त्याच्या मनात राहते.

आमच्याकडे ही निसर्गकविता म्हणून शिकवली जाते, आणि शिकवणाऱ्यांचे त्यात फारसे चुकते असेही नाही. कवितेने त्या पोरीला दरीचा एक भाग करून टाकले आहे. तिचा गळा पाखरांच्या पंक्तीत बसवला आहे. ती कापते, बांधते हे पहिल्या कडव्यात आहे. पण ज्याने कापते तो विळा, त्याचे नाव कवितेत येते ते थेट अठ्ठाविसाव्या ओळीत. अठ्ठावीस ओळी होईपर्यंत वाचकाला हत्यार दिसत नाही, हेही एक मापच आहे.

आता मोजायला बसू. आपला कान लघु-गुरू किंवा मात्रा मोजणारा. माधवराव पटवर्धनांनी ‘छंदोरचने’त मराठी पद्याची जी मांडणी केली ती याच पायावर. इंग्रजी पद्य आघातावर चालते. कोणते अक्षर जोर देऊन उच्चारायचे आणि कोणते सोडून द्यायचे, यावर तिथली लय ठरते. ज्याने लहानपणी घरात इंग्रजीचा एक शब्द ऐकलेला नाही त्याला हा आघात पुस्तकातून कळत नाही. म्हणून मी वर्गात बाकावर बोटे वाजवायला सांगतो. एक हलके अक्षर आणि त्यामागून एक जड अक्षर, असा एक गण. त्याला तिकडे ‘आयँब’ म्हणतात. असे चार गण म्हणजे एक ओळ. पादाकुलकाच्या सोळा मात्रा चार-चारांनी तोडून म्हटल्या की जे चार ठोके मिळतात, साधारण त्या अंगाने गेले तर पोरांना हे लवकर जमते. दोन्ही पद्धती एक नाहीत, पण पायरी म्हणून चालते.

चार ठोक्यांच्या या ओळींत प्रत्येक कडव्याची चौथी ओळ तोकडी आहे. तिला तीनच ठोके. चौथ्याच्या जागी रिकामा श्वास. माझ्या आईने उभा जन्म लोकांच्या रानात खुरपण-कापणी केली. वाकून गाताना ओळ लांबत नाही, मूठ कापून बाजूला ठेवताना गळा थांबतो, हे मी तिच्याजवळ बसून ऐकलेले आहे. त्यामुळे ही तोकडी ओळ मला ओळखीची वाटली. पण कवीने तो श्वास तिला दिला आहे का, हे पाहू. पहिल्या कडव्याची तोकडी ओळ वाटसरूला उद्देशून आहे : थांब, नाहीतर हलक्या पावलाने जा. दुसऱ्याची अरबस्तानच्या वाळूची. तिसऱ्याची जुन्या लढायांची. विळ्यावर वाकलेली पोर त्या जागेवर येते ती चौथ्या खेपेस. कष्टणारीच्या श्वासाची जागा तीन वेळा दुसरेच कुणी वापरून घेतात आणि मग ती तिला मिळते.

पहिल्या कडव्याची तिसरी ओळ ‘रीपिंग’ या शब्दाने, म्हणजे कापण्याच्या क्रियेने सुरू होते, आणि इथे ठोका उलटा पडतो : आधी जड अक्षर, मग हलके. नियमाने चाललेल्या चालीत विळ्याचा हा पहिला हिसका. असाच हिसका दुसऱ्या कडव्यात ‘ब्रेकिंग’ या शब्दाला आहे. तिथे कोकिळेचा आवाज समुद्राची शांतता मोडतो. दोन्ही शब्दांची ठेवण एक, शेवट एक, जागाही ओळीच्या तोंडाशी. एकात पोरीचा हात चालतो, दुसऱ्यात पाखराचा कंठ. वृत्ताने या दोघांना एकाच दावणीला बांधून टाकले आहे आणि वाचणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. पाचवी ओळ मात्र पूर्ण नियमित. तिथे कापणे आणि बांधणे ही दोन्ही क्रियापदे नेमकी ठोक्यावर येतात. साऱ्या कवितेत कामाची लय खऱ्या अर्थाने ऐकू येते ती मला या ओळीत. त्यानंतर लगेच, दरी आवाजाने भरून वाहते असे सांगताना, वाक्य ओळीच्या काठावरून पुढच्या ओळीत ओसंडते. हे कसब पहिल्या प्रतीचे आहे. ते नाकारण्यात अर्थ नाही.

यमकाकडे येतो, कारण माझा मुख्य मुद्दा तिथे आहे. विद्यार्थ्यांच्या हातात फिरणाऱ्या एका गाइडात या कवितेची यमकरचना ‘अ ब अ ब क क ड ड’ अशी चारही कडव्यांना सरसकट छापलेली आहे. परीक्षेत तेच उतरते, गुणही मिळतात. प्रत्यक्षात ही रचना दुसऱ्या आणि तिसऱ्या कडव्यालाच लागू पडते. तिथे पहिली ओळ तिसरीशी जुळते, दुसरी चौथीशी, मग दोन जोड्या. एकही ओळ सुटत नाही. पहिल्या कडव्यात दुसरी आणि चौथी ओळ जुळते. पहिली आणि तिसरी जुळत नाही. चौथ्या कडव्यातही नेमके तसेच. म्हणजे बत्तीस ओळींत चार ओळी यमकाबाहेर राहिल्या आहेत. ज्या शब्दांवर त्या ओळी संपतात ते चार शब्द विद्यार्थ्यांनी वहीत लिहून ठेवावेत. पहिल्या कडव्यात ‘फील्ड’ आणि ‘हरसेल्फ’ : शेत, आणि ती स्वतः. चौथ्या कडव्यात ‘सँग’ आणि ‘वर्क’ : गायली, आणि काम.

शेत, ती स्वतः, तिचे गाणे, तिचे काम. कवितेतून हे चार शब्द काढले तर मागे उरतात पाखरे, वाळवंट, बेटे, जुन्या लढाया आणि कवीचे मन. या उरलेल्यांची यमके जुळली आहेत. जिथे ती पोर आपल्या शेतात आपल्या कामाला उभी आहे त्या दोनच कडव्यांत यमक सुटले आहे, आणि सुटले आहे तेही तिच्याच शब्दांपाशी. जिथे ती नजरेआड आहे, कवी तिच्या निमित्ताने अरबस्तान आणि हेब्रिडीज फिरतो आहे, तिथे सगळे कसे बिनचूक.

याला योगायोग म्हणून झटकणाऱ्यांसाठी त्याच संग्रहातली दुसरी कविता शेजारी ठेवतो. वर्ड्‌स्वर्थची डॅफोडिल फुलांवरची कविता आपल्याकडे सगळ्यांनाच ठाऊक असते. सहा ओळींची कडवी, ‘अ ब अ ब क क’ अशी यमके, चार ठोक्यांच्या ओळी. १८१५ साली तिच्यात एक कडवे वाढले आणि ती चार कडव्यांची झाली. या चारही कडव्यांत यमक कुठेही सुटत नाही. नाचण्याचा शब्द प्रत्येक कडव्यात फिरून येतो आणि पाळण्यासारखा हेलकावा देतो. फुले आहेत, तळे आहे, वारा आहे, कोचावर पडून आठवण काढणारा कवी आहे. काम करणारे कुणी नाही. तिथे घडी मोडायचे कारणच पडत नाही.

यावर जाणकार एक आक्षेप घेतील आणि तो आक्षेप वजनदार आहे. इंग्रजी-स्कॉटिश लोकगाथांची, बॅलडची, जुनी चाल अशीच असते. चार ओळींत दुसरी आणि चौथी जुळवायची, पहिली आणि तिसरी मोकळी सोडायची, शेवटची ओळ तीन ठोक्यांची ठेवायची. तेव्हा हे यमक सुटणे नव्हेच. कवीने लोकगीताची रचना घेतली आहे. मला हा आक्षेप मान्य आहे. मात्र त्याने माझे म्हणणे मोडत नाही, उलट पक्के होते. कवी लोकगीताच्या चालीवर येतो ती कोणत्या कडव्यांत? ज्यांत ती पोर आहे त्यांत. आणि पुस्तकी, दुहेरी विणीच्या रचनेवर जातो ती कोणत्या कडव्यांत? ज्यांत तो स्वतः कल्पनेत रमला आहे त्यांत. एकाच कवितेत दोन मापे आहेत, एक तिच्यासाठी आणि एक आपल्यासाठी. कवीने हे जाणून केले की नकळत झाले, या वादात मी पडणार नाही. कागदावर आहे ते आहे.

वृत्त कशासाठी असते याबद्दल वर्ड्‌स्वर्थने स्वतः लिहून ठेवले आहे. ‘लिरिकल बॅलड्स’च्या १८०० सालच्या आवृत्तीला त्याने जी प्रस्तावना जोडली तिच्यात खेड्यातल्या साध्या माणसांचे जीवन आणि त्यांची भाषा यांची बाजू त्याने घेतली. त्या काळात हे धाडस होते. त्याच प्रस्तावनेत तो असेही म्हणतो की वृत्ताच्या नियमित सोबतीमुळे भावनेला आवर बसतो आणि दुःखाचा जो प्रसंग गद्यात सोसवणार नाही तो पद्यात सोसवतो. हे विधान मला फार महत्त्वाचे वाटते. सोसवतो, पण कुणाला? ज्याच्यावर प्रसंग आला त्याचा इथे प्रश्नच नाही. ऐकणाऱ्याला, वाचणाऱ्याला सोसवतो. दुसऱ्याचे दुःख गोड करून पोटात घेण्याची सोय, असे वृत्ताचे एक काम तिथे सांगितले आहे. दलित कवितेने ही सोय नाकारली, असे मुक्तछंदाबद्दल नेमक्या शब्दांत म्हणता येईल.

तिसऱ्या कडव्यात ती सोय कशी चालते ते पाहा. काय गात असेल ही? जुन्या, दूरच्या दुःखांचे, लढायांचे गाणे असेल. किंवा आजचीच एखादी साधी गोष्ट असेल, एखादे नैसर्गिक दुःख, पूर्वी झालेले आणि पुन्हा होऊ शकणारे. कवीने ‘आज’ हा पर्याय निदान ठेवला, आणि साध्या गाण्याच्या शब्दाशी आजच्या दिवसाचे यमक जुळवले, याचे श्रेय त्याला द्यायला हवे. पण दुःखाला लावलेले ‘नॅचरल’ हे विशेषण माझ्या घशाखाली उतरत नाही. हायलँड्सच्या लोकांच्या दृष्टीने ‘जुन्या लढाया’ फार जुन्या नव्हत्या. कलोडनची लढाई १७४६ सालची; कविता लिहिली गेली तेव्हा तिला साठ वर्षेही झाली नव्हती. त्या लढाईनंतर हायलँड्सच्या पुरुषांना त्यांचा पारंपरिक वेष घालायला कायद्याने बंदी झाली, ती १७८२ साली उठली. मेंढ्यांची मोठी कुरणे करण्यासाठी जमीनमालकांनी कुळांना हुसकावण्याचा सपाटा अठराव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेला होता. १७९२ साली रॉसशायरमध्ये लोकांनी मेंढ्यांचे कळप हाकलून लावण्यासाठी उठाव केला होता. तेव्हा शेतात एकट्या वाकलेल्या पोरीच्या गाण्यात जे दुःख असेल ते पावसासारखे, दुष्काळासारखे आपोआप आले असेल असे धरून का चालायचे? ज्याला निसर्ग म्हटले त्याचा जाब कुणाला विचारता येत नाही. आपल्याकडेही कुणाकुणाच्या दुःखाला प्रारब्ध म्हणण्याची चाल होती. दोन्हींचे काम एकच.

ती काय गात होती ते कवीला कळले नाही, कारण ती गेलिक भाषेत गात होती. हे कवितेत स्पष्ट येत नाही. ते आहे टॉमस विल्किन्सन या त्याच्या क्वेकर मित्राच्या प्रवासवर्णनात. वर्ड्‌स्वर्थने १८०३ साली बहीण डोरोथीबरोबर स्कॉटलंडचा प्रवास केला होता हे खरे, आणि तिकडच्या निर्जन भागांत एकटे माणूस कापणी करताना दिसणे नवलाचे नाही, अशी नोंद डोरोथीने केलेली आहे. पण कवितेला जन्म दिला तो विल्किन्सनच्या हस्तलिखितातल्या एका वाक्याने. ते हस्तलिखित छापले गेले १८२४ साली. कवितेची अखेरची ओळ तर जवळजवळ त्या वाक्यातूनच उचललेली आहे, आणि हे ऋण वर्ड्‌स्वर्थने टीप देऊन प्रामाणिकपणे मान्य केले आहे. गंमत अशी की ऋण मान्य झाले ते मित्राचे, वाक्य लिहिणाऱ्याचे. गाणारीचे नाव विल्किन्सनने लिहिले नाही आणि वर्ड्‌स्वर्थला ते कुठून मिळणार? तिच्या गाण्याचा एक शब्दही या व्यवहारात हात बदलत नाही. बदलतो तो फक्त तिचा आवाज.

‘ती काय गाते हे कुणी सांगेल का’ या प्रश्नाला आपल्या भूमीत निराळे उत्तर मिळालेले आहे, म्हणून त्याचा उल्लेख करतो. गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हा संग्रह एक लाखाच्या वर गेला. २०१७ पासून ‘परी’ या ग्रामीण पत्रकारितेच्या संस्थेने त्या लोकांपुढे आणल्या आहेत. तिथे ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचे नाव आहे, गाव आहे. बाबासाहेबांवरच्या ओव्या आहेत, सासर-माहेर आहे, भूक आहे. या ओवीचा ठेका जात्याच्या फेऱ्यातून येतो आणि ती कुणाला तरी उद्देशून असते. जिला ओवी कळत नाही ती शेजारीण विचारते आणि दळणारी सांगते. वाटसरूने दुरून तर्क करण्याचा तिथे प्रसंगच नाही.

राहिला पुनरावृत्तीचा मुद्दा. पहिल्या कडव्यात ती एकटी आहे हे कवी पाच ओळींत चार वेगवेगळ्या शब्दांनी सांगतो : ‘सिंगल’, ‘सॉलिटरी’, ‘बाय हरसेल्फ’, ‘अलोन’. एकदा सांगून भागले असते. आपल्याकडे कापणी टोळीने चालते, सावड असते, हसणे-भांडणे असते. मला तर हा चौपट एकांत पहिल्या वाचनात अंगावर आला. आता शेवटचे कडवे घ्या आणि त्यात ‘आय’, म्हणजे मी, हा शब्द किती वेळा येतो ते मोजा. पहिल्या दोन कडव्यांत तो एकदाही नाही. तिसऱ्यात त्याचे ‘मला’ हे रूप एकदा आले आहे. चौथ्यात मी पाहिली, मी ऐकले, मी चढलो, मी वाहून नेले, असा तो बरोबर चार वेळा येतो. चार वेळा तिचे एकटेपण आणि चार वेळा कवीचे मीपण. हिशेब चोख आहे. दुसऱ्या कडव्यापासून नकारही फिरून फिरून येतो : कोणत्याही पाखराने नाही, कधी नाही, कुणी सांगत नाही, गाण्याला अंत नाही. आणि कविता संपते तीही नकारावर.

चौथ्या कडव्यातले जे एक यमक जुळले आहे ते मला सगळ्या कवितेतले सर्वांत भेदक वाटते. ‘एंडिंग’ आणि ‘बेंडिंग’. तिच्या गाण्याला जणू शेवटच नाही, आणि ती विळ्यावर वाकलेली आहे. बाकी सगळी यमके जड अक्षरावर संपतात. या एकाच जोडीत जड अक्षरामागे एक हलके अक्षर लोंबते, त्यामुळे ओळ मिटत नाही. गाणे न संपणे आणि पाठ वाकलेली असणे या दोन गोष्टी एका नादात बांधल्या गेल्या आहेत. ज्याने दिवसभर वाकून काम केले आहे त्याला विचारावे, यातले न संपणारे नेमके काय असते.

आणि लगेच पुढची जोडी. ‘स्टिल’ आणि ‘हिल’ : मी निश्चल उभा राहून ऐकले, मी डोंगर चढलो. ती खाली वाकलेली, तो वर चढणारा. हे आजच्या पुस्तकांतले यमक आहे. १८०७ च्या पहिल्या छापात ‘हिल’शी जुळवलेला शब्द दुसराच होता, तो कवीने पुढच्या आवृत्तीत बदलला. तो शब्द ‘फिल’ असा होता. मन भरेपर्यंत, पोटभर ऐकले, अशा अर्थाची ती ओळ होती. सुगीच्या दिवसांत कापणारीच्या बांधावर उभे राहून पोट भरल्याची ती कबुली कवीला नंतर खटकली असावी. मला ती पहिली ओळच जास्त प्रामाणिक वाटते, आणि वर्गात मी तीही फळ्यावर लिहितो.